पाच गिरक्या

आम्हाला झेंडेवाल्या म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. पस्तीस वर्षं होत आली, तरी येतो. शुक्रवारी शाळेची फुटबॉलची मॅच असायची, मध्यंतरात बँड मैदानात उतरायचा, आणि गावातला कुठलातरी म्हातारा नाचोज चिवडत शेजारच्याला म्हणायचा, "बँड छान वाजवतोय यंदा. आणि त्या झेंडेवाल्या पोरी पण गोड दिसतायत." गोड म्हणे. माझ्या उजव्या हाताची दोन नखं त्या सबंध वर्षात काळीच होती.

आम्ही गार्ड. कलर गार्ड. बँडमधली पोरं वाजवतात आणि आम्ही ते वाजवणं लोकांना दिसेल असं करतो. सहा फुटी काठ्यांवर रेशमी झेंडे, तलवारी, आणि रायफली. रायफल लाकडाची असते, तिच्यातून गोळी सुटत नाही, पण दीड किलोचं लाकूड वीस फुटांवरून बोटांवर आलं की गोळीची आठवण येत नाही. ती हवेत फेकायची, ती भिंगरीसारखी फिरते, आणि खाली येताना दोन्ही हातांनी झेलायची. झेलली की फट्ट असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर ती झेलली नाही, नुसती अडवली.

एक्क्याण्णव साली मी इंडियानातल्या हॅरोज मिलच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होते आणि गार्डची कॅप्टन होते. ट्वायला हॉर्नबेक. रायफलवाल्या आम्ही पाच जणी. मी, पेनी, बेव्ह, शॅरन आणि जोनेल फाउट. तिसरं गाणं जिथे सगळ्यात वर चढायचं, तिथे आम्ही पाच जणींनी एकदम रायफली फेकायच्या होत्या. पाच रायफली, प्रत्येकीच्या हवेत पाच गिरक्या, आणि पाच जणींचा मिळून एकच फट्ट. आमच्याएवढ्या शाळा तीन गिरक्यांवर समाधान मानायच्या. चार म्हणजे धाडस. पाच कोणी करत नव्हतं. मला ते करायचं होतं. मला दुसरं काहीही करायचं नव्हतं.

त्या शरदात माझे हात एका जागी राहत नव्हते. झाडू हातात आला की फिरायचा. छत्री फिरायची. जेवणाच्या टेबलावर सुरी बोटांतून फिरायची आणि आई म्हणायची, "खाली ठेव ती. माणसासारखी जेव." अंड्यांच्या कारखान्यात दिवसभर खोकी भरून ती घरी यायची आणि स्वयंपाकघराच्या छताकडे बघायची. छताला झाडूच्या दांड्याने पडलेले सात पोचे होते.

"आज कितवा?" ती विचारायची.

"आठवा नाही पडला."

"अजून झोपायला वेळ आहे," ती म्हणायची.

अडचण जोनेलची होती. ती आमच्यात सगळ्यात नवी, उंच, हाडकुळी, आणि कमी बोलणारी. तिच्या वडिलांचं गावाबाहेर डुकरांचं फार्म होतं, सकाळी चारला उठून ती कामं उरकून यायची. तिच्या तीन गिरक्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. पाच मात्र दहातल्या सहा वेळा यायच्या. उरलेल्या चार वेळा रायफल गवतावर आपटायची. आधीच्या दोन स्पर्धांत दोन्ही वेळा आपटली होती.

मंगळवारी सराव चालू असताना बँडमास्तर ऑस्ट्रँडर मैदानाकाठच्या मचाणावरून भोंग्यातून ओरडले, "रायफली. शनिवारी तीन गिरक्या. पुढे चला."

मी झेंडा खाली टाकला आणि मचाणाच्या शिडीपाशी गेले. हे कोणी करत नसे. मचाण म्हणजे त्यांचं देवघर होतं.

"सर, तीन का?"

"कारण तीन झेलता येतात, ट्वायला."

"चार जणींना पाच झेलता येतात."

"आणि पाचवीला?"

"येतील."

"कधी? तिच्या लग्नात?" वर मचाणावर त्यांचे दोन लाडके ढोलवाले होते, ते हसले. "हे बघ. निकाल वाजवण्यावर लागतो. तुम्ही लेस आहात. पडद्याला लावतात ना, तशी लेस. लेस फाटलेली दिसू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते मी बोलले असते तर मला शाळेतून काढलं असतं. आमची शिक्षिका कॅरलीन माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. ती चोवीस वर्षांची, दिवसा बँकेत काउंटरवर बसायची आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायची. तिने माझ्या दंडाला धरलं.

"एक शनिवार द्या, सर," ती म्हणाली. "पाच फेकू दे त्यांना. एक जरी पडली, तर पुढे तीन."

"आणि जोनेलच्या हातात झेंडा."

"बरं."

"कॅप्टनला मान्य आहे?"

जोनेल वीस पावलांवर उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं, भोंगा चालूच होता.

"मान्य आहे," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी तिला पिळून काढलं. सराव संपला की पार्किंगमध्ये आम्ही दोघी, आणि फेक, फेक, फेक. ती कधी तक्रार करायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

"तू वर बघत नाहीस," मी म्हणायची.

"बघते."

"तू रायफलीकडे बघतेस. तिच्या वरच्या जागेकडे बघ. ती कुठे येणार तिकडे."

"ती येणार असते तिथेच येते. माझेच हात उशिरा पोचतात."

"मग लवकर पोचव."

"डुकरांना पण असंच सांगशील का गं?" ती म्हणाली. "तुझ्यासारखी बाई आमच्याकडे असती तर सगळी उपाशी मेली असती."

मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. मी कॅप्टन होते.

गार्डचे काही नियम कागदावर नसतात. पहिला, आपली रायफल आपण सजवायची. दर हंगामात जुनी चिकटपट्टी सोलून काढायची आणि दस्त्यापासून टोकापर्यंत नवी पांढरी पट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे लाकूड फुटलं तरी त्याच्या चिरफळ्या हातात घुसत नाहीत. प्रत्येकीची पट्टी वेगळी, त्यामुळे प्रत्येकीचं वजन वेगळं. म्हणून दुसरा नियम: दुसरीच्या रायफलीला हात लावायचा नाही. पडलेली असली तरी नाही. आणि तिसरा, स्पर्धेच्या मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तोंड बंद. एक शब्द नाही, खूण नाही, नजर पुढचीच्या टाचांवर. पहिली दोन गाणी आमच्या हातात झेंडे असायचे, म्हणून रायफली आधीच मैदानावर जागेवर नेऊन ठेवाव्या लागायच्या. कॅप्टनने आपली रायफल सगळ्यात आधी ठेवायची. बाकीच्यांनी तिच्या रायफलीपासून पावलं मोजून आपापल्या ठेवायच्या. कोणी रेघा बघत नाही. सगळ्या कॅप्टनकडे बघतात.

आमच्या रायफलींची जागा होती चाळीसची रेघ. फुटबॉलच्या मैदानात मधोमध पन्नासची रेघ असते, आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना चाळीस, तीस, वीस असे आकडे उतरत जातात. म्हणजे चाळीस दोन असतात. आमची होती प्रेक्षकांच्या डाव्या हाताची. आमच्या शाळेच्या मैदानावर तिकडेच स्कोअरबोर्ड होता. चार वर्षं मी त्या स्कोअरबोर्डच्या बाजूने चालत जाऊन त्या चाळीसवर रायफल ठेवली होती. मी कधी डावं-उजवं केलंच नव्हतं.

शनिवारची स्पर्धा दुसऱ्या गावात होती. आमची पाळी दुपारी एक चाळीसला. वाट बघण्याच्या जागेत उभं राहवत नव्हतं, बसवत नव्हतं. बँडमधल्या पोरांच्या आया केसांवर स्प्रे मारत होत्या, पेनी तोंडातल्या तोंडात काहीतरी बडबडत होती.

"ट्वायला, थोडी स्वस्थ उभी राहा ना," ती म्हणाली. "तुला बघून मला लघवीला लागतेय."

"मग जा."

"आत्ताच जाऊन आले. दोनदा."

जोनेल भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

फाटक उघडलं. तोंडं बंद. मी पुढे निघाले, रायफल उजव्या बगलेत, झेंडा डाव्या हातात, नजर गवतावर. मला फक्त स्कोअरबोर्डची सावली दिसत होती, आणि मी चार वर्षं गेले तशी तिच्याकडे गेले. चाळीसच्या रेघेवर गुडघा टेकला, रायफल ठेवली, तिचा खांद्याला अडकवायचा पट्टा बाहेरच्या बाजूला. उठले. माझ्यामागून पेनीने तीन पावलं मोजून ठेवली. बेव्हने ठेवली. शॅरनने ठेवली.

मग जोनेल थांबली.

माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला तिचे बूट दिसत होते. ती एका जागी उभी राहिली, मोजून सांगते, चार श्वास. मग आमच्या रायफलींना ओलांडून पुढे गेली. पन्नासच्या पलीकडे, मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, तिथे तिने एकटीने आपली रायफल ठेवली आणि परत येऊन आपल्या जागी उभी राहिली.

मला इथे खरं लिहायचंय. मला बरं वाटलं. माझ्या मनात आलं, गेली. घाबरली आणि हिने रायफल भलत्याच रेघेवर नेऊन टाकली. आता हिच्या हातात काहीच नसणार, म्हणजे काही पडणारही नाही, आणि आम्ही चौघी पाच गिरक्या फेकून झेलू, आणि ऑस्ट्रँडरचं तोंड बंद होईल. रायफल नसलेली पोर शेवटाला उभी राहून हातवारे करील, तिची लाज तिची. असं मी दीड मिनिट विचार करत उभी होते, चेहऱ्यावर हसू लावून.

बँड सुरू झाला. पहिलं गाणं, दुसरं. झेंडे वर, झेंडे खाली, धाव, वळसा. तिसरं गाणं निम्म्यावर आलं की आम्ही पाच जणी ट्रम्पेटवाल्यांच्या मधून धावत आमच्या चाळीसवर पोचायचो, झेंडे ठेवायचो आणि रायफली उचलायचो. पाय पाठ होते. डोकं नसतं तरी पायांनी मला तिथेच नेलं असतं. आणि पायांनी नेलंही बरोबर जागी, कारण पाय ट्रम्पेटवाल्यांच्या मागे जातात, स्कोअरबोर्डच्या मागे नाही.

मी झेंडा ठेवला, हात खाली नेला. गवत.

पेनीच्या हाताखाली गवत. बेव्हच्या, शॅरनच्या. मी मान वळवली तेव्हा पलीकडच्या चाळीसवर चार पांढऱ्या रेघा सारख्या अंतरावर शिस्तीत पडलेल्या दिसल्या, मधे साठ-सत्तर पोरं वाजवत चाललेली. या गावात स्कोअरबोर्ड दुसऱ्या टोकाला होता. मी चौघींना चुकीच्या बाजूला नेलं होतं. आणि माझ्यापासून बारा पावलांवर, रांगेच्या टोकाला, जोनेल आपली रायफल घेऊन उभी होती.

फेकायला सोळा मोजायचे होते. पेनीने मला डोळ्यांनी विचारलं, काय करू? मी तिच्याकडे बघितलंही नाही. मी रांग सोडली आणि जोनेलकडे गेले.

पुढे जे झालं ते गावात वेगळं सांगतात. सांगतात की जोनेलने कॅप्टनचे रिकामे हात बघितले आणि आपली रायफल पुढे केली. किती शहाणी पोर, किती मोठं मन. तिच्या आईला चर्चमध्ये बायकांनी मिठ्या मारल्या. मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता बोलते. तिने पुढे केली नव्हती. तिने ती छातीशी धरली होती आणि ती मोजत होती, कारण तिला फेकायची होती. मी दस्त्याला धरून ओढली. तिने सोडली नाही. मी पुन्हा ओढली, जोरात, तिची बोटं पट्ट्यात अडकली होती, आणि रायफल माझ्याकडे आली तेव्हा पट्ट्यावर थोडं रक्त होतं.

मी फेकली. पाच. तिची रायफल माझ्या रायफलीहून जड होती, तिसऱ्या गिरकीला मला कळलं की ती उतरायला घाई करणार आहे, आणि मी हात आधी नेले. फट्ट. एकच. बाकीच्या तिघींनी रिकाम्या हातांनी हवा फेकली आणि हवा झेलली. दुसरं काय करणार होत्या. जोनेल हात तसेच छातीशी धरून उभी राहिली.

स्टँडमधून असा आवाज आला की माझ्या दातांत जाणवला.

आम्ही राज्याच्या अंतिम फेरीला गेलो. हॅरोज मिल त्याआधी कधी गेली नव्हती. परतीच्या बसमध्ये ऑस्ट्रँडरनी परीक्षकाची कॅसेट लावली. परीक्षक बघता बघता टेपमध्ये बोलत जातात, आणि ती टेप शाळेला देतात. या बाईचा आवाज घोगरा होता. "चौघींचे रिकामे हात," ती म्हणत होती, "आणि एकच शस्त्र. एकीकडून दुसरीकडे. बघा, काय त्याग आहे. ही रचना लिहिणाऱ्याला सलाम."

"कोणी लिहिलं हे?" पेनी माझ्या कानात म्हणाली. "त्याला म्हणावं, मी काय झेललं ते मला सांग. मला अजून कळलं नाही."

ऑस्ट्रँडर बसच्या मधल्या वाटेत उभे राहिले. चेहरा पेटला होता. "लेडीज," ते म्हणाले. आम्हाला पहिल्यांदाच. "अंतिम फेरीला हेच करायचं. असंच्या असं. रिकामे हात, एक रायफल, आणि जोनेल ती ट्वायलाला देणार. चार रायफली यायच्याच नाहीत मैदानात."

मी मागे बघितलं. जोनेल खिडकीशी बसली होती, तिच्या दोन बोटांना कोणाच्या तरी आईने पट्टी बांधली होती. ती बाहेरची कापलेली मक्याची शेतं बघत होती.

म्हणजे मी जिंकले होते. पाच गिरक्या राहिल्या होत्या. फक्त पाच जणी राहिल्या नव्हत्या. तीन मुली, ज्यांनी माझ्याबरोबर बोटं फोडून घेतली होती, आता हवा झेलणार होत्या, आणि मी एकटी फेकणार होते. मला ते आवडलं की नाही, असं कोणी विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. मला झोप लागेना आणि भूकही लागेना, एवढं खरं.

सोमवारी सराव. भोंगा. "जोनेल, रायफल दे. ट्वायला, घे. दोघी हसा."

मी तिच्यासमोर गेले. तिने रायफल छातीशी धरली होती.

"दे," मी म्हटलं.

"मी दिली नव्हती," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं तसा.

"माहितेय मला."

"मग आता का देऊ? ओढली होतीस ना, ओढ."

"सगळे बघतायत, जोनेल."

"शनिवारी पण बघत होते."

वरून भोंगा खेकसला, "काय चाललंय? हळुवार द्यायची आहे, बाळांनो, हळुवार." मी ओढली. ती सोडेना. आठ मोजेपर्यंत ओढावी लागली, मग तिने सोडली. दुसऱ्या वेळी तसंच. दिवसातून पंधरा-वीस वेळा. मी तिच्याहून ताकदवान होते, ते तिला माहीत होतं आणि मलाही. पण तिने एकदाही फुकट दिली नाही.

बुधवारी मी मचाणाची शिडी चढले. परवानगी न घेता.

"सर, तिने दिली नव्हती. मी हिसकावली."

ऑस्ट्रँडर कागदावर काही खोडत होते. "म्हणजे?"

"म्हणजे तिला फेकायची होती. मी ओढून घेतली. आणि रायफली चुकीच्या बाजूला मी ठेवल्या. तिने बरोबर ठेवली होती. ती एकटीच बरोबर होती."

त्यांनी पेन्सिल कानाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हते ते. फक्त त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "वरून देणं दिसलं. वरून दिसतं तेच खरं असतं. आणि तिला तरी पाच झेलता येतात का?"

"दहातल्या सहा वेळा."

"उतर खाली. आणि चेहरा हसरा ठेव, दात काढून, ओढताना तुझा चेहरा खाटकासारखा होतो."

कॅरलीनला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला आता बरं वाटावं म्हणून मी काय करू, ट्वायला?" तिचं बरोबर होतं. मला ते तेव्हा आवडलं नाही.

अंतिम फेरी इंडियानापोलिसला होती, छप्पर असलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये. आमची पाळी भर दुपारी. खाली खरं गवत नव्हतं, सिमेंटवर हिरवी सतरंजी घातलेली, आणि वर इतका प्रकाश की सावलीच पडत नव्हती. रायफल एकच होती, तीही जोनेलची. तिने ती चालत जाऊन डाव्या चाळीसवर ठेवली. आम्ही चौघी फक्त तिच्यामागे चाललो, रायफलीविना.

पहिलं गाणं. दुसरं. ट्रम्पेटवाल्यांमधून धाव. झेंडे खाली.

मी तिच्यासमोर आले. तिने छातीशी धरलेली. मी दस्त्याला धरलं. एक, दोन, मी ओढायला लागले. तिने पाय रोवले, नेहमीसारखे, सगळं अंग मागे रेललेलं. तीन, चार. तिच्या बोटांवरच्या जखमा आता गुलाबी झाल्या होत्या. त्या मला एवढ्या जवळून दिसल्या, आणि मी काही ठरवलं नव्हतं, अजिबात नाही. त्यात थोरपणा काही नव्हता. मला फक्त अजून एकदा ओढणं सहन होईना. पाचला मी हात उघडला.

ती मागे कलंडली. दोन पावलं, तिसरं. पडली नाही. तिच्या डोळ्यांत मी जे बघितलं तो आनंद नव्हता. ती नुसती गोंधळली होती, पायाखालची पायरी नसावी तशी. सहा, सात. तिने मोजणी पकडायचा प्रयत्न केला. तिला दस्ता फिरवून पकड बदलायची होती, आणि तेवढा वेळ नव्हता. ट्रम्पेट वर गेले. तिने फेकली, एका मात्रेने उशिरा.

चांगली गेली होती. खरंच. पाच फिरली. मी मोजल्या. पण तिचे पाय अजून माझ्या ओढण्यातून सावरले नव्हते, आणि रायफल तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर आली, तिथून सतरंजीवर. सिमेंटवर लाकूड आपटल्याचा आवाज छपराखाली फार वेळ राहतो. दोनदा उसळली. जोनेल वाकली, उचलली, आणि शिकवल्याप्रमाणे पुढच्या मोजणीत परत मिसळली, चेहऱ्यावरचं हसू न हलवता. आम्ही चौघी हवेत हात वर करून उभ्या होतो.

दहा शाळांत आम्ही नववे आलो. ऑस्ट्रँडर नंतर पदवीदानाच्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या दिवशीही फक्त "हॉर्नबेक" म्हणाले.

खेळ संपल्यावर बँडला स्टँडखालच्या बोळातून बाहेर काढतात. तिथे ढोलवाले माझ्याकडे बघून थुंकल्यासारखं करत होते. पेनी माझ्या शेजारून चालत होती, ती म्हणाली, "मी मात्र माझी हवा झेलली हो, स्वच्छ," आणि मग रडायला लागली. मी तिला सोडून पुढे गेले. जोनेल बोळाच्या टोकाला पाण्याच्या नळावर उजवा हात धरून उभी होती. हाताची पाठ सुजली होती.

"मोडलाय का?" मी विचारलं.

"नाही. बोटं हलतायत."

मी तिथे उभी राहिले. मला काहीतरी हवं होतं तिच्याकडून. तिने नळ बंद केला.

"सोडणार होतीस तर सांगायचं होतंस ना," ती म्हणाली.

"मला पण माहीत नव्हतं."

"बारा दिवस होतीस माझ्यासमोर. रोज वीस वेळा. सकाळी बसमध्ये पण सांगता आलं असतं, जोनेल, आज तू फेक. मी सबंध वाट पकड बदलायचा सराव केला असता."

"मला वाटलं..."

"तू ती मला दिलीस, असं वाटलं तुला?"

"हो," मी म्हटलं.

तिने ओला हात कपड्यांना पुसला आणि रायफल माझ्यापासून दुसऱ्या बगलेत घेतली. "ओढून घेतलीस तेव्हा पण मला विचारलं नाहीस," ती म्हणाली. "आणि सोडलीस तेव्हा पण नाही. बाजूला हो गं, मला बसपाशी जायचंय."

मी बाजूला झाले.